धुराचा रस्ता

२३ डिसेंबर २०२२. सकाळपासून सोसाट्याचा वारा आणि पाऊस. दुपारी वीज गेली आणि संध्याकाळी रस्त्यावरचं पाणी जागच्या जागी गोठायला लागलं. आम्ही अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरच्या दक्षिण टोकाला, नॅशुआ शहराजवळ राहतो. इथल्या पुष्कळ घरांसारखं आमचंही घर तेलाच्या बॉयलरवर तापतं. तळघरातली टाकी भरलेली होती, पण बॉयलरचा बर्नर आणि गरम पाणी फिरवणारा पंप दोन्ही विजेवर चालतात. वीज गेली तसं सगळं थंडावलं.

दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस होती. नाताळात दोन-चार संध्याकाळी हौसेनं पेटवायचो, एवढाच तिचा उपयोग. त्या रात्री ती पहिल्यांदा गरजेपोटी पेटवली. पडवीत होती नव्हती ती सगळी लाकडं पहाटेपर्यंत जाळली. आम्ही तिघं समोर गाद्या टाकून बसलो होतो. तोंड भाजत होतं आणि पाठ काकडत होती. पहाटे चारला मुलीच्या खोलीत पुस्तक आणायला गेले, तर तिथल्या थर्मामीटरवर ९ अंश. रात्रभर जाळ घालूनही मागच्या खोल्यांचा गारठा वाढतच गेला होता.

याचं कारण मला नंतर समजलं. उघडी फायरप्लेस तिच्या जाळाला लागते त्याहून कितीतरी जास्त हवा घरातून ओढते आणि धुराड्यावाटे वर सोडते. जेवढी हवा वर जाते तेवढी बाहेरची बर्फगार हवा दारं-खिडक्यांच्या फटींतून आत येते. म्हणजे आम्ही रात्रभर लाकडं जाळून थंडी आत ओढत होतो.

सहा आठवड्यांनी, ४ फेब्रुवारी २०२३ ला, आमच्या राज्यातल्या माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर पारा उणे ४४ अंश सेल्सिअसवर गेला. वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे ७८. आमच्याकडे उणे २०च्या खाली होतं. वीज राहिली, म्हणून निभावलं. पण त्या रात्री मी झोपले नाही. बॉयलर चालू होण्याचा आवाज येतो का, ते ऐकत पडून राहिले. सकाळी नवऱ्याला म्हटलं, विजेशिवाय तापेल असं काहीतरी घरात हवं. तो म्हणाला, "लाकडाचा स्टोव्ह बसवू." आणि मी नाही म्हटलं.

माझं नाही म्हणणं आईमुळे होतं.

देवरुखजवळच्या आमच्या गावात आईनं पस्तीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. पावसाळ्याआधी आगोटीच्या बेगमीत जळण पहिलं. ऐन, किंजळ, आंब्याच्या वाळक्या फांद्या, सगळं पडवीच्या माळ्यावर चढायचं. पण कोकणातला पाऊस माळ्यालाही सोडत नाही. श्रावणापर्यंत लाकडं दमट व्हायची, चूल धुमसायची. आई फुंकणीनं फुंकत राहायची, डोळे पदरानं पुसायची, खोकायची. स्वयंपाकघराच्या भिंती, कौलांखालचे वासे, सगळं काळं कुळकुळीत. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. विडी सोडाच, तिनं कधी तपकीरही ओढली नाही. पण तिच्या फुप्फुसांचं नाव काढलं की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो चुलीचा. माझ्या घरात लाकूड जळणार नाही, असं मी मनाशी फार लहानपणी ठरवलं होतं.

त्या चुलीच्या जागी मध्ये एकदा दुसरी चूल आली होती. ऐंशीच्या दशकात सरकारी योजनेतून गावात निर्धूर चुली बसल्या. सिमेंटची चूल, दोन तोंडं, मागून भिंतीतून वर गेलेली नळी. पहिलं वर्षभर स्वयंपाकघरात खरंच धूर नव्हता. आईनं भिंती चुन्यानं पांढऱ्या करून घेतल्या होत्या. दुसऱ्या पावसाळ्यात धूर पुन्हा घरात यायला लागला, तिसऱ्या वर्षी चूल पेटेचना. शेवटी बाबांनी ती फोडली आणि आईनं मातीची जुनी चूल परत घातली. सगळे म्हणाले, सरकारी चूल ती, किती दिवस चालणार. मलाही तसंच वाटत आलं होतं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या घरात सत्तरच्या दशकापासून लाकडाचा स्टोव्ह आहे. डिसेंबर २००८ मध्ये आमच्या न्यू इंग्लंड भागात बर्फाचं मोठं वादळ झालं होतं. झाडांवर, तारांवर पाऊस गोठला आणि काही भागांत पंधरा दिवस वीज नव्हती. तेव्हा गल्लीतली तीन कुटुंबं त्यांच्या दिवाणखान्यात झोपली होती. मार्चमध्ये त्यांनी मला घरी बोलावलं, स्टोव्ह चालू होता. मग अंगणात नेलं आणि म्हणाले, "वर बघ." धुराड्याच्या टोकावर धूर नव्हता. हवा फक्त थरथरत होती, उन्हात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी. धूर हे न जळलेलं लाकूडच आहे, ते म्हणाले. तो दिसला तर आपलं काहीतरी चुकतंय. पस्तीस वर्षं आईच्या डोळ्यांत गेलं ते जळणच होतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं.

आमच्याकडे फायरप्लेस आधीच असल्यामुळे मोकळा स्टोव्ह घेण्याऐवजी इन्सर्ट घ्यायचं ठरलं. इन्सर्ट म्हणजे फायरप्लेसच्या पोकळीत सरकवून बसवायची बंद लोखंडी शेगडी. समोर काचेचं दार, हवा किती घ्यायची ते ठरवणारा एक दांडा, आणि वर धुराची नळी. कल्पना जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७४० च्या दशकातच फायरप्लेसमध्ये बसणारी लोखंडी पेटी काढली आणि १७४४ मध्ये तिच्यावर पुस्तिका लिहिली. पेटंट देऊ केलं तरी त्यानं घेतलं नाही. पण त्याच्या मूळ रचनेत धूर आधी खाली आणि मग वर जायचा, त्यामुळे ती नीट ओढत नसे. लोखंडाची पेटी काय, कुणीही बनवेल. धुराला रस्ता देणं अवघड.

पेलेटचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्यांचा स्टोव्ह आणि हीट पंप दोन्ही बघितले. दोन्ही चांगले, दोन्ही विजेवर अवलंबून. आमचा प्रश्न तिथेच अडत होता.

मे महिन्यात धुराड्याची तपासणी करून घेतली. घर नवीन घेताना किंवा धुराड्याला नवीन उपकरण जोडताना इथे कॅमेरा आत सोडून सगळी उंची बघायची पद्धत आहे. आमचं धुराडं घराच्या मधोमध, विटांचं, आत मातीच्या भाजलेल्या चौकोनी नळ्या एकावर एक रचलेल्या. त्यातच शेजारून बॉयलरची वेगळी नळी जाते. तपासायला आलेल्या बाईंनी पडद्यावर मला एकेक सांधा दाखवला. खालून तिसऱ्या सांध्याला उभी चीर होती, नख जाईल एवढी. त्यांनी विचारलं, "ही फायरप्लेस तुम्ही शेवटची कधी जोरात पेटवली होती?" मी २३ डिसेंबर सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्या चिरेवर कॅमेरा पुन्हा फिरवून आणला आणि अहवालात लिहिलं, दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. विटांच्या पलीकडे आमच्या मुलीच्या खोलीची लाकडी भिंत आहे.

त्यानंतर आम्ही दोन दुकानांत गेलो. पहिल्या दुकानातल्या माणसानं पेट्या छान दाखवल्या, आणि धुराड्याबद्दल म्हणाला की पूर्ण उंचीची नळी टाकायची गरज नाही, पेटीच्या तोंडापासून चार-पाच फूट नळी वर सोडली की झालं, पुढे जुनं धुराडं आहेच. दीडेक हजार डॉलर वाचणार होते. मी घरी येऊन आकडेमोड केली. आमच्या जुन्या धुराड्याचा आतला चौकोन शंभर चौरस इंचांहून मोठा. ते उघड्या जाळासाठी बांधलेलं. इन्सर्टच्या धुराला लागते ६ इंच व्यासाची नळी, म्हणजे जेमतेम २८ चौरस इंच. एवढासा धूर चौपट मोठ्या थंड विहिरीत सोडला तर तो रेंगाळणार, गार होणार आणि त्यातलं डांबर भिंतींना चिकटणार. त्या डांबराला क्रिओसोट म्हणतात. ते साठलं की कधीतरी धुराड्यातच पेट घेतं. आणि आमच्याकडे चीर होती.

दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी पेटी दाखवण्याआधी धुराड्याचा अहवाल मागितला. तिथेच माझा निर्णय झाला. स्टेनलेस स्टीलची ६ इंची नळी, खालपासून टोकापर्यंत अखंड, वरून अर्धा इंच जाडीचं उष्णतारोधक आवरण गुंडाळलेलं. आवरणामुळे धूर टोकापर्यंत गरम राहतो, ओढ चांगली लागते आणि जुन्या चिरेपर्यंत उष्णता पोचत नाही. पैसे कमी पडले तर पेटी साधी घेऊ, नळीत काटकसर करायची नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं. हे मी अजूनही प्रत्येकाला सांगते.

आता पेटी. त्यात आमचे तीन आठवडे गेले, आणि बहुतेक वेळ टेप घेऊन गुडघ्यांवर. फायरप्लेसचं तोंड पुढून ३६ इंच रुंद, पण ती मागे निमुळती होत जाते. मागची रुंदी आणि मागची उंची मोजली तेव्हा निम्म्या पेट्या यादीतून गेल्या. जाहिरातीत लिहिलेले चौरस फूट आम्ही बघितलेच नाहीत. विचारायचं ते दोनच गोष्टींबद्दल: आत किती घनफूट जागा आहे, आणि इथे मिळतं ते १६ इंची लाकूड आरामात मावतं का. आम्ही सुमारे दोन घनफुटांची घेतली. रात्री दहाला भरली तर पहाटे निखारे शिल्लक असतात, सकाळी काडी ओढावी लागत नाही.

धूर जाळण्याच्या दोन रीती आहेत. एकीत धूर जाळीदार उत्प्रेरकातून जातो, त्यामुळे तो कमी उष्णतेतही पेटतो आणि शेगडी मंद आचेवर तासन्‌तास चालते. दुसरीत पेटीच्या छताशी आडव्या नळ्या असतात. त्यांच्या बारीक भोकांतून तापलेली हवा येते आणि धूर तिथे वरच्या वर जळतो. उत्प्रेरक काही वर्षांनी बदलावा लागतो आणि तो कधी जोडायचा, कधी सोडायचा याचं भान ठेवावं लागतं. आम्ही नळ्यांची घेतली. मे २०२० पासून इथे नवीन विकल्या जाणाऱ्या लाकडाच्या शेगड्यांना तासाला २ ग्रॅम धूरकण ही मर्यादा आहे. खऱ्या फोडलेल्या लाकडावर चाचणी केली असेल तर २.५ ग्रॅम. त्यामुळे दुकानात उभी असलेली कुठलीही पेटी जुन्या पेट्यांपेक्षा पुष्कळ स्वच्छ जळते. आमची कार्यक्षमतेत ७५ टक्क्यांच्या वर होती, म्हणून त्या वर्षी केंद्राच्या करात खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर सूट मिळाली. पेटी, नळी, मजुरी सगळं मिळून ७,२०० डॉलरच्या आसपास गेलं होतं. ती सूट २०२५ अखेर संपली.

आणखी एक निवड होती, तिच्यावरून घरात थोडी वादावादी झाली. नवऱ्याला भिंतीशी सपाट बसणारी पेटी हवी होती. दिसायला देखणी, जागा अडवत नाही. पण सपाट पेटीची बरीचशी उष्णता विटांच्या पोकळीत अडकते आणि पंख्यानं बाहेर ढकलावी लागते. पंखा विजेवर. मला सात इंच पुढे येणारी हवी होती, जिच्या माथ्यावर किटली ठेवता येईल. डिसेंबरची ती रात्र आठवून त्यानं ऐकलं. मात्र सात इंच पुढे आल्यामुळे समोरचा दगडी ओटा अपुरा पडला. दारापुढे १६ इंच न जळणारी जमीन हवी, आमच्याकडे ९ राहिली. गालिचा कापून, खाली उष्णतारोधक फळी घालून तिथे पाटीचा दगड बसवून घेतला. गावाचा बांधकाम परवाना काढला, विमा कंपनीला कळवलं. परवाना नसता आणि पुढे काही झालं असतं, तर विम्यानं हात वर केले असते.

आई ऑक्टोबर २०२३ मध्ये सहा महिन्यांसाठी आली आणि तिच्या येण्यानंतर आठवड्यानं शेगडी बसली. दोघं जण सकाळी सातला आले. एक छपरावर, एक खाली. खालच्यानं फायरप्लेसच्या घशातली जुनी लोखंडी झडप ग्राइंडरनं कापली. तिच्या अरुंद फटीतून गोल नळी जात नव्हती. सगळ्या घरात पडदे लावले होते तरी लोखंडाचा वास सुटला. मग छपरावरच्यानं आवरण गुंडाळलेली नळी हळूहळू आत सोडली, खालचा दोरीनं ओढत होता. चोवीस फूट उतरायला पाऊण तास लागला. नळीच्या भोवती घशाशी पत्र्याचं झाकण बसवून वर खनिज लोकर भरली, म्हणजे गरम हवा धुराड्यात वाया जात नाही. हे झाकण पुष्कळ जण लावत नाहीत. दुकानातल्या बाईंनी कागदावर आवर्जून लिहून दिलं होतं. शेवटी पावणेदोनशे किलोची पेटी रुळांवरून सरकवली आणि नळी जोडली.

आई खुर्चीत बसून सगळं बघत होती. मध्येच तिनं विचारलं, "ही नळी साफ कशी करायची?"

मी काम करणाऱ्याला विचारलं. त्यानं पेटीच्या छतातली फळी काढून दाखवली. वरून किंवा इथून ब्रश घालायचा, वर्षातून एकदा. आईनं मान हलवली आणि पुन्हा काही बोलली नाही.

तपासणीला अग्निशमन दलातला एक अधिकारी आला. अंतरं मोजली, कार्बन मोनॉक्साइडची घंटा दाबून पाहिली, सही केली. पहिले तीन जाळ लहान करायचे असतात, रंग भाजून पक्का व्हावा म्हणून. त्याचा उग्र वास येतो. आईला मुलीबरोबर दिवसभर ग्रंथालयात पाठवलं आणि खिडक्या सताड उघड्या टाकल्या. तरी धुराची घंटा दोनदा वाजली.

चौथ्या दिवशी खरा जाळ घातला आणि खोलीत धूर आला. दार लावलं तरी फटीतून येत होता. मी घाबरून आईला आतल्या खोलीत नेलं. मनात तेच जुनं: आपल्या घरात लाकूड आणायला नको होतं. अर्ध्या तासानं कारण सापडलं. स्वयंपाकघरात मी आमटीला फोडणी घातली होती आणि गॅसवरचा बाहेर हवा फेकणारा पंखा पूर्ण वेगात चालू होता. तो घरातली हवा ओढत होता, आणि भरून काढायला हवा धुराड्यातून उलटी खाली येत होती. घर जितकं बंदिस्त, तितकं हे जास्त होतं. तेव्हापासून शेगडी पेटवताना पंखा बंद, आणि फोडणीच्या वेळी जवळची खिडकी दोन बोटं उघडी.

मग लाकूड. इथे लाकूड कॉर्डवर विकतात; ४ फूट बाय ४ फूट बाय ८ फूट, १२८ घनफूट. "वाळलेलं" म्हणून आम्ही दोन कॉर्ड ओक घेतलं होतं. पेटताना ते सुरसुरायचं, टोकांना फेस यायचा, काच तासाभरात काळी. आईनं एक ढलपी उचलून दुसरीवर आपटली आणि म्हणाली, "ओलं आहे. वाळलेलं खणखणतं." मी ओलावा मोजायचं वीस डॉलरचं यंत्र आणलं. बाहेरून १८ टक्के दाखवलं. लाकूड फोडून आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचल्या तर ३२. वीसच्या खाली हवं. ओकला फोडल्यावर दोन वर्षं लागतात, हे विक्रेत्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

शेजारच्या आजोबांनी वाचवलं. त्यांच्याकडे ॲशचं लाकूड होतं. चीनकडून आलेला एक हिरवा भुंगेरा इथले ॲश वृक्ष मारतो आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये तो २०१३ मध्ये कॉन्कर्डला प्रथम सापडला. मेलेली झाडं पाडावी लागतात. ॲशमध्ये मुळातच पाणी कमी, वर्षभरात वाळतं. त्यांनी दीड कॉर्ड दिलं आणि पैसे घेताना म्हणाले, ही झाडं मी लहानपणापासून ओळखतो. मला ती जळताना बघायला बरं वाटत नाही, पण कुजण्यापेक्षा बरं. आमचं ओक त्यांनीच रचून घेतलं: एकेरी ओळीत, वाऱ्याला आडवं, जमिनीपासून वर, आणि ताडपत्री फक्त माथ्यावर. बाजू झाकल्या तर ओल कोंडते. माळ्यावर गच्च रचलेलं आमचं ऐन-किंजळ मला तेव्हा आठवलं.

वाळलेल्या ॲशवर शेगडी खरी कळली. काटक्या खाली आणि ओंडके वर, ही माझी सवय, इथे उलट. मोठं लाकूड तळाशी, त्यावर मध्यम, सगळ्यात वर काटक्या आणि बर्चची साल, आणि काडी वरून लावायची. जाळ खाली उतरत जातो, धूर जाळातून जातो. वीस मिनिटांनी हवेचा दांडा निम्मा आत घेतला की जाळ लाकूड सोडतो आणि छताच्या नळ्यांच्या भोकांतून पेटल्यासारखा दिसतो. निळसर, संथ. मी कामाचे कॉल संपले की तिथे जाऊन बसायचे. फुंकणीची गरज पडत नाही, ओढ आपोआप असते.

आईच्या फुप्फुसांचं काय, हा प्रश्न मी सोडला नव्हता. इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, घरात धुराचा वास आला तर शेगडी बंद. हवेतले सूक्ष्म कण मोजणारं यंत्र मी तिच्या खुर्चीशेजारी ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे. शेगडी चालू असताना एरवी ४-५ असायचे. पण लाकूड घालायला दार झटकन उघडलं की ४० वर जायचे आणि उतरायला वीस मिनिटं लागायची. मग शिकले: आधी हवेचा दांडा पूर्ण उघडायचा, मिनिटभर थांबायचं, दार बोटभर उघडून आणखी थांबायचं, आणि मग हळू उघडायचं. जाळ असताना लाकूड घालायचंच नाही, निखारे राहिल्यावर घालायचं. तेव्हा १०-१२ च्या वर गेले नाहीत. तरी लाकूड घालताना आईला मी स्वयंपाकघरात पाठवत असे, आणि ती जात असे. ज्यांचा दमा तीव्र आहे त्यांच्या घरात ही शेगडी मी सुचवणार नाही.

मागच्या खोल्या तापवायला एक सोपी गोष्ट उपयोगी पडली. गरम हवा तिकडे ढकलण्याऐवजी लहान पंखा बोळात जमिनीवर ठेवून थंड हवा शेगडीच्या खोलीकडे सोडायची. गरम हवा वरून आपसूक मागे जाते. मुलीच्या खोलीत तीन-चार अंशांचा फरक पडला.

४ एप्रिल २०२४ ला ओला, जड बर्फ पडला. पहाटे झाडांच्या फांद्या मोडल्याचे आवाज आले आणि वीज गेली, ती परत यायला दोन दिवस लागले. घर १९ अंशांवर राहिलं. संध्याकाळी आईनं शेगडीच्या माथ्यावर हात धरून बघितला, मग पातेल्यात तांदूळ आणि पाणी ठेवलं. "ही वैलाची धग आहे," ती म्हणाली. "जाळावर नाही शिजत, वैलावर शिजतं." वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं, नुसत्या धगीवर चालणारं तोंड. दोन तासांनी पेज झाली. मीठ, लोणचं, वर तूप. शेजारच्या आजोबांनाही एक वाडगा नेऊन दिला; त्यांची शेगडी होतीच, पण तांदळाची पेज त्यांनी कधी खाल्ली नव्हती.

जेवण झाल्यावर आई म्हणाली, मला बाहेर ने. कोट, टोपी, बूट, माझा हात धरून ती पायऱ्या उतरली. सगळी गल्ली काळोखात, वर ढग फाटून ताऱ्यांचा थोडा उजेड. तिनं मान वर करून धुराड्याकडे बराच वेळ बघितलं.

"पेटली आहे ना अजून?"

"हो."

"मग धूर?"

"नाहीये."

ती तशीच उभी राहिली. थंडीनं खोकला येईल म्हणून मीच तिला आत आणलं. आठवड्याभरानं ती देवरुखला परत गेली.

मे महिन्यात धुराडं साफ करायला त्याच बाई आल्या, ज्यांनी वर्षापूर्वी चीर दाखवली होती. चोवीस फुटांतून ब्रश फिरवला. खाली जेमतेम दोन वाट्या कोरडी, तपकिरी भुकटी पडली. चकचकीत डांबर कुठेच नव्हतं. त्यातलीही बरीचशी ओल्या ओकच्या पहिल्या महिन्याची असावी, असं त्या म्हणाल्या. मी ती भुकटी वर्तमानपत्रावर पसरून फोटो काढला आणि आईला पाठवला.

रात्री तिचा फोन आला. फोटो बघितला, म्हणाली. मग थोडा वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

"आपल्या त्या सिमेंटच्या चुलीची नळी," ती म्हणाली, "तिच्यात कुणी बुरूस घातलाच नाही गं. घालायचा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं."